मदत हवी आहे: राइडिंग मोव्हरचा डेक डावीकडे झुकलाय

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात फुलेवाडीजवळ आमची पोरं फुटबॉल खेळतात, त्या मैदानाची देखभाल माझ्याकडे आहे. पावसानं गवत गुडघ्याला लागलंय, म्हणून जुनी राइडिंग मोव्हर, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, घेतली. डेक, म्हणजे पाती झाकणारा खालचा पत्र्याचा भाग, ४२ इंची, पाती दोन. डावीकडं मातीच खरवडते, उजवीकडं गवत उभंच राहतं. मैदानावर पट्टे पट्टे दिसतात, बघवत नाही.

आधी टायरची हवा सारखी केली. मग गाडी सपाट फरशीवर घेतली, इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून स्पार्क प्लगची वायर काढली, हातमोजे घालून पाती आडवी केली आणि बाहेरच्या टोकापासून जमिनीपर्यंत मोजलं. डावीकडं २५ मिमी, उजवीकडं ४५! फरक ३ मिमीच्या आत हवा. पाती अर्धा फेरा फिरवून परत मोजलं, आकडे तेच, म्हणजे पाती वाकलेली नाहीत. पुढची बाजू मागच्यापेक्षा ६ मिमी खाली आहे, ते बरोबर वाटतं.

अडलंय ते इथं: डाव्या लिंकचा (डेक ज्या दांड्यावर लटकतो त्याचा) नट आटे संपेपर्यंत फिरवला, तरी डेक पुरेसा वर येत नाही. लिंक वाकली असेल की डेकचा ब्रॅकेट (लिंक अडकते ती पट्टी)? उजवी बाजू खाली घेऊन भागवू का? उद्यमनगरात लिंक बनवून घ्यायची तयारी आहे, पण आधी दोष नेमका कळू दे. कुणी हे काम केलं असेल तर सांगा, फोटो टाकतो.