समुद्रतळाच्या चिकणमातीतले फॉल्ट संगणकाने 'सिद्ध' होतात का?

मीरा_स्टावांगर
कालच्या चर्चेत मी समुद्रतळातल्या फॉल्टांच्या संगणक-मॉडेलबद्दल लिहिलं, त्यावर सह्यकडा यांनी लिहिलं, "संगणकात माती ओता, हवा तो आकडा भरा, हवे तसे फॉल्ट काढा. याला भूशास्त्र म्हणू नका." हे मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहिते.

उत्तर समुद्राखालच्या चिकणमातीत १९९० च्या दशकात बहुभुजी फॉल्टांचं (ज्यांवरून थर सरकतात अशा तड्यांचं) जाळं सापडलं. नकाशात ते आटलेल्या तळ्याच्या तळासारखं दिसतं. दिशा चहूकडे फाकलेल्या, आणि फॉल्ट ठरावीक थरांपुरतेच. कवच एका दिशेने ताणलं गेलं असतं तर असं झालं नसतं.

कोडं पुढे आहे. गाळ नुसता वरच्या वजनाने दबला, तर आडवा दाब उभ्याच्या साधारण निम्मा राहतो (घर्षणकोन, म्हणजे माती घसरायला किती अडते याचं माप, ३० अंश धरून). माती कातरली जायला तो एक तृतीयांशावर उतरायला हवा. म्हणजे नुसत्या वजनाने फॉल्ट पडायलाच नकोत! शिन, सांतामरिना आणि कार्टराइट यांनी २००८ मध्ये मांडलं की कण विरघळून आकसले तर आडवा दाब तिथवर उतरतो. हा उतार किती आणि कधी, हे पायरीपायरीने बघायचं तर संगणक लागतोच.

सह्यकडा
मीराताई, मी एकवीस वर्षं ट्रायॲक्सियल मशीनपुढे, म्हणजे नमुना चहूबाजूंनी दाबून त्याची ताकद मोजणाऱ्या यंत्रापुढे, उभा आहे. खाडीच्या गाळाचे नमुने हाताने कापले आहेत. तुमच्या मॉडेलमधला एकेक कण खऱ्या चिकणमातीच्या कणापेक्षा हजारो पट मोठा असतो, कारण खऱ्या आकाराचे कण मोजायला जगातले सगळे संगणक पुरायचे नाहीत. कण सोडून मेश (गणितासाठी मातीवर आखलेली चौकटींची जाळी) वापरली, तर सरकण्याचा पट्टा मेशच्या चौकटीएवढा रुंद येतो. चौकट बारीक करा, पट्टा बारीक. मग तो मातीचा गुण म्हणायचा की मेशचा? शिवाय स्मेक्टाइटी (पाण्याने फुगणाऱ्या खनिजाची) चिकणमाती एकदा सरकली की तिचा घर्षणकोन १० अंशांखालीही जातो. भूशास्त्रज्ञ गौल्टी यांनी फॉल्टांची वाढ त्यावरूनच समजावली. विरघळण्याची गरजच काय?

तिफण
स्मेक्टाइट म्हणजे आमच्या काळ्या रानातलीच माती ना? मग इतकं कोडं कसलं? एप्रिल-मेमध्ये रानात या, हात कोपरापर्यंत भेगेत जातो. घर बांधताना ठेकेदाराने तीन फुटांवर पाया टाकला, पोटात काळी मातीच. दुसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराची भिंत दाराच्या वर तिरपी फाटली. आई अजून त्या भिंतीला पाठ टेकत नाही. आम्हाला सिम्युलेशन नको, आधी पाया सांगा.

मीरा_स्टावांगर
तिफणदादा, खनिज त्याच जातीचं, पण घडतं वेगळं. तुमच्या रानात भेग उघडी पडते कारण वर मोकळी हवा आहे. शेकडो मीटर गाळाखाली भेगेला उघडायला जागा नसते, म्हणून माती घसरते.

मुरूमवाला
तिफण, काळ्या मातीत अंडर-रीम पाइल घ्यायचे, म्हणजे जमिनीत खोल जाणारे, खाली कंद असलेले खांब. तीन फूट म्हणजे फसवणूकच.

तिफण
पाइलचा खर्च कोण देणार? भेगेत वाळू भरली तर?

मुरूमवाला
नको! पाऊस पडला की माती फुगते, वाळूमुळे भेग मिटत नाही, भिंत आणखी ढकलली जाते. आधी घराभोवतीचं पाणी तोडा.

सह्यकडा
पाया बाजूला ठेवा. केजी (कृष्णा-गोदावरी) खोऱ्यात २००६ मध्ये समुद्रतळाखालच्या चिकणमातीत १२८ मीटर जाडीचा थर मिळाला, भेगांत गॅस हायड्रेट (पाणी आणि वायू मिळून बनलेला बर्फासारखा पदार्थ) भरलेला. मीराताई, खोलवर भेग उघडत नाही म्हणता, मग ही कशी उघडली?

मीरा_स्टावांगर
छिद्रांतल्या द्रवाचा दाब वाढला की उघडते. माझं वाक्य फार सरसकट होतं, मागे घेते. पण हा दाबही मॉडेलमध्ये घालावा लागतो, ट्रायॲक्सियलच्या मुठीएवढ्या नमुन्यात शेकडो मीटरचं जाळं दिसणार नाही. आणि हे छंदापायी चाललेलं नाही. स्लाइपनर या उत्तर समुद्रातल्या नॉर्वेच्या वायूक्षेत्रात १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली भरला जातोय, सुरुवातीची बरीच वर्षं तर वर्षाला सुमारे दहा लाख टन. वरचं झाकण चिकणमातीचंच. अशा झाकणात फॉल्ट का पडतात, हे कळायला नको?

सह्यकडा
कळायला हवं, म्हणूनच रंगीत चित्रांना पुरावा म्हणू नका. मॉडेल फक्त 'असं घडू शकतं' एवढंच सांगतं.

मीरा_स्टावांगर
मग तेवढं तरी मान्य आहे ना? 'असं घडू शकत नाही' हेही तेच सांगतं, आणि नुसत्या वजनाचं कारण त्यानेच बाद होतं.

सह्यकडा
बाद करण्यापुरतं मान्य. त्यापुढे एक पाऊल नाही. मेश निम्मी करून तेच गणित पुन्हा चालवा आणि दोन्ही निकाल इथे टाका.

मीरा_स्टावांगर
टाकते. पट्टा निम्मा झाला तर तेही लपवणार नाही.

तिफण
मुरूमवाले, पाणी तोडायला चर भिंतीपासून किती लांब घ्यायचा?