चार भाऊ, पण एनएडी दोघांकडेच

कुणीतरी विचारलंय की यीस्टच्या अल्कोहोल डीहायड्रोजिनेजचे, म्हणजे इथेनॉल (दारूतलं अल्कोहोल) बनवणाऱ्या एन्झाइमचे, चारही उपघटक (ज्या प्रथिनसाखळ्या मिळून ते बनतं) सारखेच, प्रत्येकी ३४७ अमिनो आम्लांचे, मग २.४ अँगस्ट्रॉमच्या (अणूंच्या मापाइतक्या) बारकाव्याने टिपलेल्या स्फटिकरचनेत एनएडी, म्हणजे या एन्झाइमच्या कामात मदत करणारा छोटा रेणू, निम्म्यांमध्येच कसं? प्रश्न अगदी मर्मावरचा आहे.

ज्या उपघटकात एनएडी बसलंय, तो मिटलेला आहे. तिथे अभिक्रिया घडते त्या जागेतल्या जस्ताच्या अणूला सिस्टीन ४३, सिस्टीन १५३ आणि हिस्टिडीन ६६ या अमिनो आम्लांनी (आकडा म्हणजे साखळीतला क्रमांक) तीन बाजूंनी धरलंय, चौथ्या बाजूला ट्रायफ्लुरोइथेनॉलचा ऑक्सिजन. ट्रायफ्लुरोइथेनॉल खऱ्या अल्कोहोलच्या जागी बसतं, पण त्याची अभिक्रिया होत नाही, म्हणून चित्र टिकतं. शेजारचा जोडीदार मात्र उघडा, रिकामा, आणि तिथे ग्लुटामेट ६७ हे अमिनो आम्ल जस्ताचा चौथा हात धरतं! एकाच स्फटिकात दोन्ही अवस्था शेजारी-शेजारी पाहायला मिळणं हे मला फार मोलाचं वाटतं.

माहीमला आमच्या घराखालच्या बेकरीत पहाटे पावाच्या मैद्यावरचं ओलं फडकं उचललं की आंबूस, किंचित दारूसारखा वास येतो. पाव फुगवणारा वायू आधीच्या पायरीवर सुटतो, ते काम पायरुव्हेट डीकार्बोक्सिलेज या दुसऱ्या एन्झाइमचं. त्यातून उरलेल्या अ‍ॅसिटाल्डिहाइडचं इथेनॉल करतं ते आपलं अल्कोहोल डीहायड्रोजिनेज, आणि त्यात एनएडीएचचं (हायड्रोजन घेतलेल्या एनएडीचं) पुन्हा एनएडी होतं. ते झालं नाही तर ग्लुकोज फोडण्याचं काम तिथेच अडतं. म्हणून यीस्टसाठी इथेनॉलपेक्षा ही परतफेड महत्त्वाची.