रोझेशियासाठी रोज डॉक्सिसायक्लिन : चार महिने घ्यावी का?

मंडळी, मदत हवी आहे.

गाल आणि नाक सतत तापल्यासारखं वाटतं, वर बारीक लाल पुळ्या. फोडणी घालायला गॅसपाशी उभी राहिले की आग आग होते. रंग सावळा, त्यामुळे लाली फोटोत दिसत नाही आणि घरच्यांच्या मते हे सगळं पित्त. त्वचारोगतज्ज्ञांनी मात्र भिंगातून बघून सांगितलं, मुरुमांत असतात तसे काळे-पांढरे ठिपके कुठेच नाहीत, हा रोझेशिया आहे. औषध : डॉक्सिसायक्लिन 40 मिग्रॅ. रोज सकाळी एक, साधारण चार महिने. रात्री आयव्हरमेक्टिन 1 टक्का क्रीम.

इथेच घोडं अडलंय. अँटिबायोटिक चार महिने? दीर म्हणतात, "वहिनी, पुढे न्यूमोनिया झाला तर कुठलंच औषध लागू पडणार नाही." डॉक्टर म्हणतात, एवढ्या मात्रेत जंतू मरतच नाहीत. मग देतात कशाला? त्यात केमिस्ट म्हणाला, "40ची नाहीये, 100ची घ्या, औषध तेच." मला ॲसिडिटी आहे आणि कॅल्शियमची गोळीही चालू आहे. कुणी घेतलं आहे का हे?

प्रतिसाद १
मी फार्मसीत काम करते. 100ची परस्पर घेऊ नका. 40च्या कॅप्सूलमध्ये 30 मिग्रॅ. लगेच सुटतं आणि 10 सावकाश, त्यामुळे रक्तातलं प्रमाण जंतू मारण्याच्या पातळीखाली राहतं. रोझेशियात त्वचेची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा भडकलेली असते. कॅथेलिसिडिन नावाचं प्रथिन जास्त तयार होतं आणि काही विकरं (एन्झाइम्स) त्याचे दाह वाढवणारे तुकडे पाडतात. डॉक्सिसायक्लिन त्या विकरांना आवर घालते. म्हणजे इथे तिचं काम दाह कमी करण्याचं. अमेरिकेत ही मात्रा रोझेशियासाठी 2006 पासून मंजूर आहे. त्याआधी 20ची गोळी दिवसातून दोनदा हिरड्यांच्या आजारासाठी देत होतेच.

100नेही पुळ्या जातात, पण 40पेक्षा फार जास्त नाहीत. मळमळ आणि पोटाच्या तक्रारी मात्र वाढतात, आणि दिरांची भीती खरी ठरते ती त्या मात्रेला. 40 मिळालीच नाही तर पर्याय डॉक्टरांनाच विचारा.

कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीच्या गोळ्या, दूध यांच्यासोबत डॉक्सी नीट शोषली जात नाही, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. आणि ॲसिडिटी आहे म्हणून मुद्दाम सांगते : पेलाभर पाण्यासोबत बसून घ्या, नंतर तासभर आडवं व्हायचं नाही. कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होते, घोटभर चहाबरोबर गिळणाऱ्यांना हा धोका जास्त. गरोदरपणात हे औषध नको. उन्हाचा त्रास वाढतो, सनस्क्रीन हवंच.

प्रतिसाद २
मी इंग्लंडात लीड्सला असतो. इथे गोऱ्यांत हा आजार इतका दिसतो की जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, बघताक्षणी ओळखला. मला हीच कॅप्सूल दिली होती. पुळ्या गेल्या, लाली राहिली. फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या गोळीने जात नाहीत, त्याला लेझर लागतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर औषधाला शिव्या घातल्या नसत्या. ताई, डोळे चुरचुरतात का? वाळू गेल्यासारखं वाटत असेल तर डॉक्टरांना सांगा, रोझेशिया डोळ्यांतही उतरतो.

प्रतिसाद ३
कुणी 'लाली घालवायला' बेटामेथासोन या स्टेरॉइडची ट्यूब देऊ केली तर हात लावू नका. आठवडाभर छान वाटतं, थांबवलं की दुप्पट उसळतं. आपल्याकडे गोरेपणाच्या नावाखाली खपणाऱ्या काही क्रीम्समध्येही स्टेरॉइड असतं, डब्यामागचं बारीक अक्षर वाचा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. दुसऱ्या केमिस्टने 40ची गुरुवारपर्यंत मागवून देतो म्हटलंय. डोळे चुरचुरतात खरे, मी ते मोबाइलवर ढकलत होते. डॉक्टरांना फोन करून विचारते. कॅल्शियम रात्री जेवणानंतर हलवलं. पण सकाळचा दुधाचा चहा? तो कॅप्सूलनंतर किती वेळाने चालेल?