खुडूक कोंबडीखाली अंडी बसवण्याविषयी

प्रश्न (परसदार, कुडाळ):
आमच्याकडे काही गावठी कोंबड्या व एक कोंबडा आहे. त्यांपैकी दोघी एकाच वेळी खुडूक झाल्या (म्हणजे अंडी उबवायला बसू लागल्या) असून, जवळ गेले की पिसे फुलवून चोच मारतात. एरवी आम्ही अशा कोंबडीला उठवून लावतो. या वेळी पिल्ले काढावीत असा विचार आहे. एकीखाली किती अंडी ठेवावीत, शेजारच्या वनराजा जातीच्या कोंबड्यांची अंडी चालतील का, आणि पिल्ले आईजवळ ठेवावीत की बल्बखाली वाढवावीत, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (डालगे):
गावठी कोंबडीच्या अंगाखाली दहा-बारा अंडी नीट मावतात. त्याहून अधिक घातल्यास कडेची अंडी थंड पडतात, आणि कोंबडी ती सारखी आतबाहेर फिरवत असल्याने नुकसान केवळ कडेच्या अंड्यांपुरते राहत नाही. अंडी आठवड्याच्या आतली व न धुतलेली घ्यावीत, सगळी एकाच दिवशी ठेवावीत आणि प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करावी. इतर कोंबड्या त्याच जागी येऊन अंडी घालतात. ती रोज काढली नाहीत, तर एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले निघाल्यावर कोंबडी उरलेली अर्धवट उबलेली अंडी सोडून उठते. तिची जागा बदलायची असेल, तर ती रात्री अंधारात बदलावी. सातव्या रात्री अंडे टॉर्चवर धरून पाहावे: आत तांबड्या शिरांचे जाळे दिसले तर पिल्लू धरले आहे, आणि सगळे स्वच्छ दिसले तर ते अंडे काढून टाकावे. अठराव्या दिवसानंतर मात्र हात लावू नये.

प्रतिसाद (माळरान):
वनराजाची अंडी गावठी कोंबडी आपलीच समजून उबवते, परंतु ती अंडी फलित असायला कळपात नर हवा, हे शेजाऱ्यांना आधी विचारावे. शिवाय वनराजा संकरित असल्याने पुढच्या पिढीत तिचे गुण एकसारखे उतरत नाहीत. खुडूक बसून पिल्ले वाढवणारी कोंबडी हवी असेल, तर गावठीचीच अंडी ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद (डालगे):
याला माझी सहमती आहे. बल्बचा विचार मात्र सोडावा. पावसाळ्यात वीज गेली की गारठ्याने पिल्ले दगावतात, आणि आई असताना त्या खटाटोपाची गरज नसते. दोघींची पिल्ले एकाच दिवशी निघाली, तर रात्री सगळी एकीच्या पंखांखाली सरकवावीत, म्हणजे दुसरी लवकर पुन्हा अंडी घालू लागते. पहिले दोन आठवडे आई व पिल्ले डालग्याखाली (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली) किंवा जाळीत ठेवावीत, कारण घार आणि मुंगूस यांच्यामुळे जितकी पिल्ले जातात, तितकी उबवणीतही वाया जात नाहीत. पाण्याच्या उथळ ताटलीत खडे टाकावेत, नाहीतर पिल्ले भिजतात.

प्रश्नकर्ता:
सविस्तर उत्तरांबद्दल आभार. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस कधी द्यावी?

प्रतिसाद (माळरान):
पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात. एका कुपीत बऱ्याच पिल्लांपुरती लस असते आणि कालवल्यावर ती फार वेळ टिकत नाही. त्यामुळे वाडीतल्या दोन-चार घरांनी एकाच सुमारास कोंबड्या बसवल्या, तर कुपी वाया जात नाही. लस बर्फात ठेवूनच आणावी.