आईला मानेत सेंट्रल लाइन आहे, इन्फेक्शन होऊ नये म्हणून आपण काय बघायचं?

निळाई:
आई आठ दिवस आयसीयूत आहे, मानेतून सेंट्रल लाइन (औषधं द्यायला मोठ्या शिरेत घातलेली नळी) टाकलीये. काल बघितलं तर ड्रेसिंगची एक कड सुटलेली आणि आत घामाचा ओलावा, सिस्टरना सांगितलं तर म्हणाल्या उद्या बदलायचंच आहे. मला रात्रभर झोप नाही. शेजारच्या बेडवरच्या काकांना लाइनमधूनच रक्तात इन्फेक्शन गेलं असं कळलं. आपण विचारलं तर स्टाफ चिडतो का?

रातपाळी:
मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. कड सुटली, ओलं झालं, रक्त लागलं की ड्रेसिंग तेव्हाच बदलायचं, आत्ता जाऊन परत सांगा. एरवी पारदर्शक असेल तर ७ दिवसांनी, गॉजचं असेल तर २ दिवसांनी. पण खरी गोम हबमध्ये आहे, म्हणजे सिरिंज जोडतो ते तोंड. दर वेळी ते स्पिरिटच्या स्वॅबने ५ ते १५ सेकंद चोळून घासायचं आणि वाळू द्यायचं, नुसता स्वॅब टेकवून चालत नाही. रात्री तीनला दोन बेडचे पंप एकदम वाजत असतात ना, तेव्हा ते १५ सेकंद फार लांब वाटतात, म्हणून मी मनात आकडे मोजते. आणि चिडलं कुणी तर चिडू दे, तुम्ही विचाराच.

चौथामजला:
ताईंना अनुमोदन. मी डॉक्टर आहे, माझं सांगणं एवढंच की रोज राउंडला विचारा, लाइन अजून लागतेय का? लाइन जितके दिवस आत तितका धोका वाढतो. अमेरिकेत मिशिगनमधल्या शंभरावर आयसीयूंनी साध्या पाच गोष्टी नेमाने पाळल्या, हात धुणं, लाइन टाकताना मास्क-गाऊन आणि पेशंटवर पूर्ण निर्जंतुक चादर, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा साफ करणं, जमेल तिथे जांघेतली जागा टाळणं, नको झालेली लाइन काढणं, आणि इन्फेक्शन ६६ टक्क्यांपर्यंत कमी झालं, २००६ साली पेपर आला. नवीन औषध नाही की मशीन नाही! शिवाय पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचा हक्क नर्सला होता. मी रेसिडेंट असताना माझा ग्लोव्ह चादरीबाहेर लागला आणि सिस्टरने सगळं परत करायला लावलं, तेव्हा राग आलेला, आता त्यांचे उपकार वाटतात.

निळाई:
ड्रेसिंग लगेच बदललं, कुणी चिडलं नाही. बीपीचं औषध चालू आहे म्हणून लाइन ठेवलीये, उद्या परत बघू म्हणाले. ताप आला तर सांगायचं ना?

रातपाळी:
हो, आणि लाइनमधून काही सोडल्यावर हुडहुडी भरली तर ताप मोजायची वाट बघू नका, तिथल्या तिथे हाक मारा.