16 सेंमी मनगट: शोरूममध्ये घड्याळ घालून बघताना नेमकं काय तपासावं?

सोळा_सेंमी
शनिवारी जुना मित्र मुंबईत येतोय. लोअर परळच्या पॅलेडियममध्ये भेटायचं, घड्याळं घालून बघायची आणि मग निवांत गप्पा, असा बेत आहे. यादीत ओमेगा स्पीडमास्टर, ट्यूडर ब्लॅक बे 58 आणि ग्रँड सेको स्नोफ्लेक. खरेदी लगेच नाही. दुकानात काय बघायचं? मित्राला घड्याळांतलं कळत नाही, त्याला आत न्यावं का?

चावीची_घड्याळं
घेर बाजूला ठेवा, मनगटाचा वरचा सपाट भाग पट्टीनं मोजा. 16 सेंमी घेराला तो साधारण 50 ते 53 मिमी भरतो. घड्याळाची लग-टू-लग लांबी, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या (लगांच्या) वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर, याच्या आत हवी. स्पीडमास्टरचा व्यास 42 मिमी असला तरी ही लांबी 47.5च्या आसपास आहे. ब्लॅक बे 58 फक्त 39 मिमीचं, पण लांबी जवळपास तेवढीच. स्नोफ्लेक 41 मिमी, लांबी 49. नुसता व्यास बघून यादीतून काही खोडू नका. लगांची टोकं खाली वळलेली असली की घड्याळ मनगटाला धरून बसतं, सरळ असली की कडेला फट दिसते. ही फट बाजूनं बघायची, वरून कळत नाही.

जाडीही बघा. स्पीडमास्टर 13 मिमीच्या वर आहे, ब्लॅक बे जवळपास 12. फुल शर्टाचं बटण लावून बाही वरून सरकते का, ते तिथेच करून बघा. टी-शर्ट घालून गेलात तर हे राहून जाईल.

कडी_काढा
मित्राला जरूर न्या, त्याचा खरा उपयोग आहे. मनगटाजवळ धरलेल्या मोबाइलचा कॅमेरा घड्याळ फुगवून दाखवतो, त्यामुळे स्वतः काढलेल्या फोटोवर निर्णय घेऊ नका. मित्राला सहा फुटांवर उभं करा, तुमचा पूर्ण उभा फोटो काढायला सांगा. लोकांना घड्याळ तेवढंच दिसणार असतं. जाणकार नसेल तर उत्तमच, तो मॉडेलच्या नावाला भुलणार नाही.

दुसरं म्हणजे दुकानातल्या साखळीला सगळ्या कड्या असतात. घड्याळ सैल लोंबतं, त्याचा डायलचा भाग एका बाजूला कलतो आणि माणूस म्हणतो, 'फार जड आहे!' जास्तीच्या कड्या मनगटाखाली चिमटीत धरायला सांगा, मग वजन जोखा. स्नोफ्लेक टायटॅनियमचं, 100 ग्रॅम. स्टीलचं डायव्हर (पाणबुड्यांसाठीच्या धर्तीचं घड्याळ) पूर्ण साखळीसह सहज 150च्या वर जातं. हा फरक पहिल्या मिनिटात मोहात पाडतो. काहींना मात्र हलकं घड्याळ हातात असल्यासारखंच वाटत नाही, म्हणून दोन्ही लागोपाठ घाला.

घातल्यावर आरशात बघत बसू नका. खुर्चीत बसून मित्राशी पाच-दहा मिनिटं बोला, हातवारे करा, कोपर टेबलावर टेका. क्राउन (चावी द्यायची गोल कळ) हाताच्या पाठीला टोचतोय का, क्लॅस्पची (साखळीच्या कुलपाची) कड खाली रुततेय का, हे अशा बोलण्यातच कळतं. आपल्या दमट हवेत संध्याकाळी मनगट फुगतं, म्हणून दुपारनंतर जा. क्लॅस्पमध्ये हत्याराशिवाय सैल-घट्ट करण्याची सोय आहे का तेही विचारा. ट्यूडरच्या टी-फिटमध्ये 8 मिमी मिळतात. मुंबईत ही सोय मला डायलच्या रंगापेक्षा महत्त्वाची वाटते.

सोळा_सेंमी
फार उपयोगी. हाताळताना काय पाळायचं? आणि स्पीडमास्टर कोणत्या काचेचं बघू?

चावीची_घड्याळं
कडं, अंगठी, दुसरं घड्याळ आधी काढून ठेवा. ओरखडे त्यांनीच पडतात. घड्याळ ट्रेवरच घाला-काढा, हवेत नको. चावी द्यायची किंवा बटण दाबायचं तर विचारून. स्टॉपवॉच चालू असताना खालचं बटण दाबू नका, आधी वरच्यानं थांबवा.

काच दोन्ही बघा, तीही खिडकीपाशी नेऊन. दुकानातल्या दिव्यांखाली सगळंच चमकतं. हेसालाइटवर (प्लास्टिकच्या जातीची काच) ओरखडे लवकर येतात, पण पॉलिशनं जातात, आणि डायल ऊबदार दिसतो. सफायरला (कृत्रिम नीलमाची कठीण काच) कडेनं दुधट वलय दिसतं, मात्र तिच्या पाठीमागच्या काचेतून यंत्र बघायला मिळतं. हेसालाइटवाल्याची पाठ बंद असते.

पावती_जपा
पुढे घ्याल तेव्हा: 2 लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो आणि 2 लाख किंवा जास्त रक्कम रोखीनं देता येत नाही. 10 लाखांवरच्या घड्याळावर एप्रिल 2025 पासून 1 टक्का टीसीएस (विक्रेत्यानं विकतानाच गोळा करायचा कर) लागू झाला आहे, तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. शनिवारी फक्त प्रत्येकाचा रेफरन्स (मॉडेल) क्रमांक आणि सांगितलेली किंमत टिपून आणा. आत शिरतानाच 'आज फक्त बघायचंय' असं सांगा, आणि दुकान रिकामं असेल अशी वेळ गाठा. शनिवारी संध्याकाळी गर्दीत कुणी दहा मिनिटं शांत बसू देत नाही.