मदत हवी आहे: जुन्या वॅगन-आरच्या सीटमधला दुधाचा वास कसा घालवावा?

नमस्कार मंडळी, इंदूरहून, लोकमान्य नगरातून लिहितेय. बाबांची २००६ ची वॅगन-आर आहे, सीट कापडी. गेल्या महिन्यात मागच्या सीटवर दोन लिटर दूध सांडलं. वरून लगेच पुसलं, पण ते फोममध्ये आणि खाली कार्पेटपर्यंत उतरलं. आता दार उघडलं की आंबूस भपकारा येतो. खायचा सोडा रात्रभर पसरून व्हॅक्यूमने ओढला; दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. एका वॉशिंगवाल्याने भरपूर शॅम्पू आणि पाणी ओतून धुतलं, तर कार्पेटखालचा नमदा आठवडाभर ओलाच राहिला. पावसाळ्यात तो वाळणार कसा? पत्र्याला गंज धरेल याची मला जास्त धास्ती आहे.

मागची सीट काढून कार्पेट पूर्ण उचलावं का? घरी जमतं की गॅरेजलाच न्यावं? दुधासाठी एन्झाइमचं क्लीनर कुणी वापरलंय का, कापडाचा रंग टिकला का? इथल्या सियागंज बाजारात मिळेल का? गाडी विकायची नाही, बाबांचा जीव आहे तिच्यात. कृपया स्वतः करून पाहिलेलंच सांगा.